देवाचे हात आणि माणसांचे डोळे

उत्खननातील लबाडीचा विषय निघाला की जपानच्या फुजिमुरा शिनिची यांचे नाव हमखास येते. त्यांना प्राचीन वस्तू इतक्या सहज सापडत, की लोक त्यांच्या हातांना ‘देवाचे हात’ म्हणत. ऑक्टोबर २००० मध्ये मियागी प्रांतातील कामिताकामोरी येथे ते स्वतःच दगडी हत्यारे पुरताना ‘माइनिची शिंबुन’ या दैनिकाच्या कॅमेऱ्यात सापडले. ५ नोव्हेंबरला ती छायाचित्रे छापून आली. तिथल्या ६५ पैकी ६१ वस्तू आपणच पुरल्या, अशी कबुली त्यांनी दिली. जपानमधील माणसाचे अस्तित्व सहा लाख वर्षे मागे नेणारा दावा कोसळला.

इथवरची हकीकत सगळेच सांगतात. आमची तक्रार या सांगण्याबद्दलच आहे. एकाला गुन्हेगार ठरवले की बाकीचे मोकळे होतात. मातीचा थर खरा होता. ज्वालामुखीच्या राखेवरून त्याचे वय काढण्याची पद्धतही खरी होती. खोटे होते ते हत्याराचे त्या थराशी जोडलेले नाते. ते नाते तपासणे हेच तर पुरातत्त्वज्ञाचे काम! ओदा शिझुओ आणि चार्ल्स कीली यांनी १९८६ सालीच या शोधांवर लेखी आक्षेप घेतले होते. त्यांचे म्हणणे बाजूला पडले आणि पुढची चौदा वर्षे वाहवा चालू राहिली.

एकदा खणलेला थर पुन्हा जसाच्या तसा रचता येत नाही. मागे उरतात त्या नोंदी, मोजमापे, छायाचित्रे आणि शेजारी उभ्या सहकाऱ्याची साक्ष. म्हणून या व्यवसायात इमानदारी ही एकट्याची खासगी बाब राहत नाही. न पाहता मान डोलावणाराही जबाबदार असतो. जपानी पुरातत्त्व संघाने फेरतपासणी करून २००३ मध्ये फुजिमुरांचे सर्वांत प्राचीन म्हणून गाजलेले शोध रद्दबातल ठरवले, ही त्या संघाची हिंमत. पण तोवर तो मजकूर शालेय पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला होता. तो काढावा लागला.

आम्ही आमच्या उर्दू शाळेत ही हकीकत सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, बाक़ी लोगों ने पूछा क्यूँ नहीं?”

विचारले होते, पण कुणी ऐकले नाही, असे आम्ही म्हणालो. मग आठवले, की आडवा प्रश्न विचारणाऱ्या याच मुलाला आम्हीही कितीदा “बैठ जाओ” म्हटले आहे.