वळ्ळत्तोळ : कवीची दृष्टी आणि कलेची सेवा

मल्याळम् कवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन (१८७८–१९५८) यांच्या काव्याचा आणि त्यांनी केलेल्या कथकलीच्या सेवेचा हिशेब दोन निराळ्या खात्यांत मांडण्याचा मोह समीक्षकास सहज होतो. मग संस्थेपायी खर्ची पडलेली वर्षे काव्याला अंतरली, अशी हळहळही ओघानेच येते. ही विभागणी मला मान्य नाही.

ऐन उमेदीत वळ्ळत्तोळांची श्रवणशक्ती गेली. 'बधिरविलापम्' (१९१०) हे काव्य त्या आघातातूनच जन्मले. श्रवणाचे द्वार मिटलेल्या या कवीने पुढे ज्या नाट्यप्रकाराला आपले आयुष्य वाहिले, त्यात नट बोलत नाही. पदे गायक गातो. नट त्यांचा अर्थ हस्तमुद्रांनी आणि नेत्रांनी प्रकट करतो. हा केवळ योगायोग म्हणावा काय?

दुःखाने कवीला कथकलीकडे नेले, असे मात्र सरळ सूत्र मांडता येणार नाही. त्यांच्या खंडकाव्यांकडे पाहावे. 'शिष्यनुम् मकनुम्' या काव्यात परशुरामाने गणपतीचा दात मोडल्यावर शिवापुढे शिष्य की पुत्र, असा पेच उभा राहतो. 'मग्दलन मरियम्' (१९२१) मध्ये पश्चात्ताप हाच विषय आहे. दोन्हींत भावनेचे विवरण गौण असून प्रसंग डोळ्यांपुढे उभा करणे हे प्रधान आहे. ही दोन्ही काव्ये संस्थेच्या आधीची आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. कलामंडलम्‌ने हा कवी घडविला नाही. दृश्याचा वेध घेणाऱ्या कवीच्या दृष्टीनेच कलामंडलम् घडविले.

राजेरजवाड्यांचा आणि धनिक घराण्यांचा आश्रय ओसरू लागला, तेव्हा वळ्ळत्तोळांनी मुकुंदराजांच्या साह्याने, सोडत काढून निधी जमवीत, १९३० साली केरळ कलामंडलम् स्थापिले. ते पुढे भारतपुळेच्या काठी चेरुतुरुत्ती येथे स्थिरावले. आश्रयदात्याच्या मर्जीवर जगणारी विद्या अशा रीतीने लोकांच्या वर्गणीवर आणि नियमित शिक्षणक्रमावर उभी राहिली. १९४१ साली संस्थेचा भार कोचीन सरकारकडे गेला. कवीची लेखणी तथापि थांबली नाही. उतारवयात त्यांनी ऋग्वेदाचे मल्याळम् भाषांतर सिद्ध केले.

या उद्योगाची किंमत काव्याने मुळीच मोजली नाही, असे कोणी म्हणू नये. निधीसाठी वणवण करणाऱ्या माणसाला एकांत दुर्मिळ होतो. परंतु न लिहिलेल्या कवितांचे मोल ठरविण्यास समीक्षेजवळ साधन नाही. लिहिलेल्या कवितेत आणि उभारलेल्या रंगभूमीत एकच प्रतिभा वावरते आहे, एवढे मात्र तिला दाखविता येते. आणि वळ्ळत्तोळांचे मूल्यमापन तेथूनच आरंभिले पाहिजे.