परीक्षा स्मृतीची की शाळेची?

मुक्ताईनगर परिसरात वृद्धांच्या मेंदूच्या आरोग्याविषयी संशोधन करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाती प्रथम पडते ती प्रश्नावली. ती वैद्यकाचे साधन आहे, तशीच एक भाषिक संहिताही आहे. प्रस्तुत टिपणात तिचा विचार या दुसऱ्या अंगाने केला आहे.

१९७५ साली फोल्स्टीन प्रभृतींनी अमेरिकेत सिद्ध केलेल्या ३० गुणांच्या चाचणीत वाचन, वाक्यलेखन आणि शंभरातून सात-सात वजा करणे यांस स्थान आहे. निरक्षर मनुष्य येथे गुण गमावतो तो विस्मृतीमुळेच, असे म्हणता येत नाही. हरियाणातील बल्लभगढच्या अभ्यासातून १९९५ साली पुढे आलेल्या हिंदी रूपांतराने हा दोष ओळखला. लिखित आज्ञा वाचण्याऐवजी परीक्षकाची कृती पाहून तशीच करावयाची, वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे, असा पालट त्यात केला गेला. शब्द न बदलता कसोटीच बदलली, हे त्याचे खरे महत्त्व होय.

तथापि अशी संहिता प्रमाण मराठीत आणून लेवा गणबोली बोलणाऱ्या वृद्धेपुढे ठेवली, की प्रश्न पुन्हा उभा राहतो. स्मरणासाठी 'डोळा' हा शब्द दिला आणि तिने 'डोया' म्हटले, तर ती स्मृतीची चूक नव्हे. ळकाराच्या जागी यकार येणे ही या बोलीची प्रकृतीच आहे. तारीख विचारता तिने अचूक तिथी सांगितली, तर तिचे कालभान शाबूत आहे असेच मानले पाहिजे. जेथून मुक्ताबाईची पालखी आषाढीला पंढरपुरास जाते, तेथे एकादशीचा हिशेब चुकणे हेच अधिक चिंतेचे लक्षण ठरावे.

यावरून कसोटी सैल करावी, असे मात्र नव्हे. तसे केल्यास खरा रुग्ण 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीआड झाकला जाईल. शिवाय अल्पशिक्षण हा स्मृतिभ्रंशाचा वास्तविक धोकाही आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने ज्या १४ घटकांत बदल घडविता येतो असे मानले, त्यांत त्याची गणना आहे. धोका आणि मापनदोष हे दोन्ही अशा रीतीने निरक्षराचे गुण एकाच दिशेने खाली ओढतात. त्यांना वेगळे करणे हे संशोधकाचे पहिले कर्तव्य होय, आणि ते बोलीच्या अभ्यासावाचून साधणार नाही.

याच बोलीत रचना करणाऱ्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या प्रदेशात तरी अक्षरज्ञान आणि बुद्धी यांची गल्लत होऊ नये.