चुंबकीय प्रकाश-उत्प्रेरके व रंजकद्रव्यांचे निर्मूलन : एक परीक्षण

१९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा यांनी टायटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या विद्युत् अग्रावर जंबुपार प्रकाश टाकून पाण्याचे अपघटन घडविल्याचे प्रसिद्ध केले. पुढे याच द्रव्याच्या सूक्ष्म चूर्णाचा उपयोग पाण्यातील कार्बनी रंजकद्रव्यांच्या नाशासाठी होऊ लागला. परंतु कार्य संपल्यावर हे चूर्ण पाण्यातून वेगळे काढणे कठीण असते. कणाच्या गाभ्यात मॅग्नेटाइट घालून चुंबकाने तो ओढून घ्यावा, ही कल्पना या अडचणीतून निघाली. कल्पना सुबोध आहे; तिच्या सिद्धीविषयीचे दावे मात्र तपासून घेतले पाहिजेत.

पहिला प्रश्न गाभ्याचा. अ‍ॅनाटेजाचे ऊर्जा-अंतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर मॅग्नेटाइटाचे केवळ ०.१ इतके आहे. दोन्ही द्रव्ये प्रत्यक्ष संलग्न असल्यास प्रकाशाने मुक्त झालेले इलेक्ट्रॉन गाभ्यात उतरतात. त्यामुळे उत्प्रेरकाची क्रियाशीलता घटते. शिवाय लोहाचे क्षपण होऊन ते पाण्यात विरघळते. बेदून, अमल व सहकारी यांनी २००० मध्ये हा दोष दाखवून दिला. दोन्ही द्रव्यांमध्ये सिलिकाचा थर घातल्यास तो बराच कमी होतो. अ‍ॅनाटेजाच्या स्फटिकीभवनासाठी कण हवेत तापवावे, तर मॅग्नेटाइटाचे ऑक्सिडीभवन होऊन अखेरीस क्षीण चुंबकत्वाचे हेमॅटाइट बनते. म्हणजे एक गुण साधताना दुसरा गमावण्याची भीती राहते. तरीही अनेक निबंधांत पुनर्वापराचे आकडे दिलेले असतात, पण पाण्यात उतरलेल्या लोहाचे मापन आढळत नाही. हे वैगुण्य गंभीर आहे.

दुसरा प्रश्न कसोटीचा. मेथिलीन ब्ल्यूच्या विद्रावाचे ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीजवळील शोषण कमी झाले, की रंजकद्रव्य नष्ट झाले असे मानण्याचा प्रघात आहे. पण रंजकद्रव्य कणांच्या पृष्ठावर नुसते चिकटले, तरी पाणी फिके होते. ऑक्सिजन नसल्यास ते क्षपणाने वर्णहीन बनते आणि हवा लागताच पुन्हा निळे होते. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. रंजकद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषून उत्प्रेरकास इलेक्ट्रॉन देऊ शकते. म्हणून त्याचा रंग उडाला, एवढ्यावरून उत्प्रेरक दृश्य प्रकाशात कार्य करतो असे ठरत नाही. ओहतानी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या कसोटीच्या योग्यतेविषयीच प्रश्न उपस्थित केला; तिचा सर्रास वापर मात्र थांबलेला नाही.

हा वाद केवळ पद्धतीचा नव्हे. अ‍ॅझो वर्गातील रंजकद्रव्यांचा नायट्रोजन-बंध तुटताच रंग जातो. मात्र उरलेली अ‍ॅरोमॅटिक संयुगे कित्येकदा मूळ द्रव्याहूनही घातक असू शकतात. तेव्हा निर्मळ दिसणारे पाणी निर्दोष असेलच असे नाही.

यास्तव या विषयावरील प्रबंधात निदान चार गोष्टी अवश्य असाव्यात : अंधारात घेतलेला तुलनात्मक प्रयोग, एकूण कार्बनी कार्बनाचे मापन, फिनॉलासारख्या वर्णहीन द्रव्यावरील चाचणी आणि विरघळलेल्या लोहाचा हिशेब. यांवाचून दिलेली शेकडा नव्वद-पंचाण्णवाची यशाची टक्केवारी रंगाविषयी सांगते. पाण्याच्या शुद्धतेविषयी काही सांगत नाही.