शोरापूरचा बेरड राजा आणि मेडोज टेलरची साक्ष

वळसंगाहून दक्षिणेकडे भीमा ओलांडून गेलें असतां कृष्णा-भीमेच्या दुआबांत शोरापूर (सुरपूर) हें बेरड नाईकांचें जुनें संस्थान लागतें. या घराण्यानें इ. स. १७०५ त वाकिनखेड्यास औरंगजेबाशीं झुंज दिली, हें मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको. त्याच वंशांतील राजा व्यंकटप्पा नाईक यानें इ. स. १८५८ च्या फेब्रुवारींत इंग्रजांवर शस्त्र धरलें. त्या प्रसंगाची प्रचलित हकीकत मुख्यतः मेडोज टेलरच्या इ. स. १८७७ त प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रावर उभी आहे. सबब त्या साक्षीची पारख करणें अवश्य आहे.

प्रथम साक्षीदाराचा अधिकार पाहूं. राजा अज्ञान असतां टेलर १८४१ पासून १८५३ पर्यंत शोरापुरास कारभार पाहत होता. राजा त्यास ‘अप्पा’ म्हणे. पुढें तो वळसंगाच्या ईशान्येस असलेल्या नळदुर्गास जिल्ह्याचा अधिकारी झाला. परंतु ७ फेब्रुवारीच्या रात्रीं राजाच्या लोकांनीं कॅप्टन विंडहॅमच्या छावणीवर हल्ला केला व दुसऱ्या दिवशींच्या चकमकींत कॅप्टन न्यूबेरी पडला, तेव्हां टेलर वऱ्हाडांत होता. म्हणजे लढाईची त्याची हकीकत ऐकीव आहे. हैदराबादेस पकडलेल्या राजाची बंदिवासांतील भेट मात्र त्यानें स्वतः अनुभवलेली आहे. या दोहोंचें मोल एक धरतां येत नाहीं.

टेलरचा निष्कर्ष असा कीं, पोर उधळें होतें, दुष्ट सल्लागारांनीं त्यास फसविलें. हा निष्कर्ष निःस्वार्थ नव्हे. पाल्यानें स्वबुद्धीनें बंड केलें असें मानल्यास पालकाची बारा वर्षांची शिकवण फुकट गेली असें ठरतें. उलटपक्षीं, राजाचा जीव वाचविण्यासाठीं रदबदली करणाऱ्यास ‘फसविलेला मुलगा’ हीच बाजू सोयीची होती, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.

परंतु त्याच ग्रंथांतील बंदिवासाचें प्रकरण या निष्कर्षास बाध आणतें. साथीदारांचीं नांवें सांगण्यास राजानें नकार दिला. मरण आलेंच तर फांशी नको, तोफेच्या तोंडीं द्या, कारण आपण चोर नव्हे, असें त्याचें मागणें होतें. टेलर कादंबरीकार होता, तेव्हां संवादाची सफाई त्याची असेल. पण स्वतःच्या मतास प्रतिकूल असा मजकूर कोणी रचून घालीत नाहीं. म्हणून या कथनाचा गाभा ग्राह्य होय. आणि असें बोलणारा मनुष्य केवळ इतरांच्या हातचें बाहुलें होता हें पटत नाहीं.

दुसरें प्रमाण बाहेरचें आहे. १८५७ च्या नोव्हेंबरांत मुधोळ संस्थानांतील हलगलीच्या बेरडांनीं निःशस्त्रीकरणाच्या हुकुमाविरुद्ध हत्यारें उचललीं. तेथें ना शोरापूरची गादी होती, ना तेथील सल्लागार. हत्यार हीच ज्या जातीची अब्रू, तिची तक्रार एका तरुणाच्या उधळेपणानें उलगडत नाहीं.

मात्र विरुद्ध टोकही टाळलें पाहिजे. व्यंकटप्पास सकल हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा योजक ठरविण्यास वरील प्रमाणें पुरत नाहींत. आपलें नाईकपण, आपले लोक व आपला शब्द राखण्यासाठीं तो लढला, इतकेंच त्यांवरून सिद्ध होतें. आणि तें थोडें नव्हे.

देहान्ताची शिक्षा प्रथम जन्मठेपेवर व अखेर चार वर्षांच्या कैदेवर आली. पण मद्रासेकडील किल्ल्यांत नेत असतां, पहिल्याच मुक्कामीं, पहाऱ्यावरील अधिकाऱ्याच्या पिस्तुलाच्या गोळीनें तो मेला. पिस्तुल त्याच्याच हातीं होतें. १८६० च्या तहानें शोरापूर निजामास मिळालें.

मराठींत ‘बेरड’ हा शब्द आजही निर्लज्ज या अर्थीं वापरला जातो. ज्यानें जीव वाचविण्यासाठींही साथीदारांचीं नांवें उघड केलीं नाहींत, त्याच्या जातीचें नांव आपण शिवी म्हणून उच्चारतों. टेलरचा ग्रंथ तपासतां तपासतां आपल्या भाषेनें दिलेली ही साक्षही तपासली जावी.