पाच तत्त्वज्ञ आणि सात दरवाजे

संगणकशास्त्राच्या पुस्तकात ‘कोंडी’चे प्रकरण आले की पाच तत्त्वज्ञ हटकून जेवायला बसतात. गोल टेबल, पाच ताटे, दोन ताटांमध्ये एकेक असे पाचच काटे. जेवायला मात्र दोन लागतात. प्रत्येकाने डावा काटा उचलला की सगळे उजव्याची वाट पाहत उपाशी! डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये हा प्रश्न परीक्षेसाठी काढला, तेव्हा त्यात टेप-यंत्रांसाठी अडून बसलेले संगणक होते. जेवणाची गोष्ट होर यांनी जोडली.

गोष्ट चांगली आहे, वर्गात पाच मुले बसवून करून दाखवता येते. पण एकाने वस्तू घेतली की दुसऱ्याने थांबायचे, म्हणजेच कुलूप, हे ती धरूनच चालते. कुलूप लागते कशाला, हे विचारत नाही.

राधानगरीला भोगावतीवरच्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपण पाहिले असतील. सातही एकाच तलावावर काम करतात, तरी कोणी कोणासाठी थांबत नाही. पाणी ठरावीक पातळीला चढले की त्याच्याच जोराने दरवाजा उघडतो, उतरले की मिटतो. पातळी पाहणे आणि उघडणे ही एकच क्रिया आहे. आज्ञावलीत या दोन पायऱ्या असतात: ‘जागा रिकामी आहे का’ हे पाहणे आणि ती घेणे. मधल्या फटीत दुसरी आज्ञावली तीच जागा घेते. कुलूप हवे ते या फटीसाठी.

दुसरा आक्षेप ठरीव उत्तरावर आहे. काट्यांना क्रमांक द्या, लहान क्रमांकाचा आधी उचला, की कोंडी टळते. हे खरेच. पण इथे कोणाला कोणते काटे लागणार, हे जेवणाआधीच ठाऊक असते. पडद्यावरचे चित्र काढणाऱ्या चिपला काम देणारी आज्ञावली, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, हिला ती सोय नाही. एका चित्रासाठी मेमरीचे पुष्कळ तुकडे लागतात, आणि त्यांची यादी वापरणाऱ्याचा खेळ किंवा नकाशा देतो. यादी क्रमाने लावता येईल. पण जागा कमी पडली तर दुसऱ्या कामाचे तुकडे हलवावे लागतात, आणि कोणते हे काम निम्म्यावर आल्यावरच कळते. तोवर हातात कुलुपे असतात. दोन कामे एकमेकांच्या कुलपांवर अडली की पडदा गोठतो. शंभरदा चालते, एकशेएकाव्यांदा अडते. म्हणून असा दोष शोधणे फार कठीण.

लिनक्समध्ये २०१३ साली यावर आलेला उपाय मूळचा डेटाबेसवाल्यांचा, १९७८ चा. प्रत्येक कामाला येतानाच क्रमांक मिळतो. अडचण आली तर जुने काम थांबते. नव्याने मात्र हातातली सगळी कुलुपे सोडून पुन्हा सुरुवात करायची. त्याचा क्रमांक तोच राहतो, त्यामुळे कालांतराने तेही जुने ठरते आणि कायमचे उपाशी राहत नाही. कोंडी होऊच नये असा हट्ट सोडून तिच्यातून बाहेर पडण्याचा नियम केला, हे मला पुस्तकी उत्तरापेक्षा जास्त शिकवणारे वाटते.

वर्गात तत्त्वज्ञ बसवायचेच असतील तर जेवण निम्म्यावर आले की एकाला अचानक तिसरा काटा मागायला लावावा, आणि क्रमांकांचा नियम कुठे तुटतो ते मुलांनाच शोधू द्यावे.