बाब : एका दाराची हकीकत

पनवेलला उर्दू माध्यमाच्या मुलांना आम्ही मराठी शिकवतो. एकदा फळ्यावर ‘ही गंभीर बाब आहे’ असे लिहिले. एक मुलगा उठून म्हणाला, ‘‘सर, बाब म्हणजे धडा ना? आणि ‘ही’ कशी? पहला बाब, दूसरा बाब!’’ मुलगा चुकला नव्हता. उर्दूत बाब म्हणजे ग्रंथाचे प्रकरण, आणि तो शब्द पुल्लिंगी.

अरबीत ‘बाब’ म्हणजे दार. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी बाब-अल-मंदब आहे. बाबिलोन या नगरनावाचा अर्थ अक्कदी लोक ‘देवाचे दार’ असा लावीत. ज्यूंच्या तल्मूदात बावा कम्मा, बावा मेत्सिया, बावा बत्रा हे तीन भाग आहेत. म्हणजे पहिले, मधले आणि शेवटचे दार. पनवेलात बेथ एल सिनेगॉग आहे. ते बांधणाऱ्या बेने इस्रायल समाजाची बोली मराठीच. म्हणजे हे दार आमच्या गावात दोन वाटांनी आले.

ग्रंथातले दार म्हणजे प्रकरण. दफ्तरात तेच जमाखर्चाचे सदर झाले, पुढे त्या सदराखालचा कर. मुघल अमदानीत जादा करांना ‘अबवाब’ म्हणत. मराठेशाहीत चौथाईतला छत्रपतींचा हिस्सा ‘राजबाबती’. आज महाराष्ट्राच्या शासन निर्णयांचे विषय बहुधा ‘बाबत’ या शब्दावरच संपतात.

तरीही कोशात या शब्दापुढे अरबी-फारसीचा शिक्का असतो. शिक्क्याला आमची हरकत नाही. मूळ सांगणे हे कोशाचे कामच. हरकत आहे ती मूळ परके म्हणून शब्दच परका ठरवण्याला. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, विसाव्या शतकात सावरकरांची भाषाशुद्धी आली. ‘बाब’ मात्र हलली नाही. आमचेही चुकते. आपले मराठी कमअस्सल ठरेल या भीतीने आम्हीच लेखातले ‘बाबत’ खोडून ‘विषयी’ लिहितो. जे मराठीने कधीच स्वीकारले, ते आम्ही का लपवावे?

परका शब्द उसना असतो तोवर आपले व्याकरण सांभाळून राहतो. ‘बाब’ने मराठीत येऊन लिंग बदलले, सामान्यरूप घेतले, ‘बाबी’ असे अनेकवचनही केले. नागरिकत्वाचा याहून मोठा पुरावा कोणता?

त्या मुलाला आम्ही हे सारे सांगितले आणि बजावले, ‘‘उर्दूच्या पेपरात ‘पहला बाब’ लिही, मराठीच्या पेपरात ‘ही बाब’. दोन्ही तुझेच आहेत.’’