झोप वाढली, नेम सुधारला, पण कशामुळे?

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळाडूंवरील २०११ सालचा शोधनिबंध आम्ही पुन्हा वाचला. ११ खेळाडूंनी ५ ते ७ आठवडे रात्री किमान १० तास अंथरुणात काढायचे, असा बेत होता. १० फ्री थ्रोंपैकी सरासरी ७.९ यशस्वी होत, ते ८.८ झाले. वर्गात सांगायला झकास गोष्ट! पण नेहमीइतकेच झोपणारा तुलनेचा गट त्यात नव्हता. सराव तर चालूच होता. मग श्रेय झोपेचे किती, सरावाचे किती? शिवाय आपण जास्त झोपतो आहोत, हे खेळाडूंना ठाऊकच होते.

हृदयाच्या ठोक्यांमधील अंतर मोजले असते तर? श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते (मुलांना मनगटावर बोटे ठेवून हे पाहता येईल). व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढला की हा फरक सहसा वाढतो. मात्र सामन्याच्या सकाळी तो घटलेला दिसला, तर दोष अपुऱ्या झोपेचा की धास्तीचा? नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. धास्ती दोन्ही गटांना असती. म्हणून तर दुसरा गट हवा होता.